बरणीवर लिहिलं होतं ‘वाटण’

मंगळवार, दुपारचे चार

तीर्थस्वरूप ताई,

धाकट्याचा नमस्कार. (गुडघ्याने परवानगी दिली तितका वाकून. उरलेला वाकलो असं समज.)

तुझी तब्येत कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का, की अजूनही खोकला पुढे आणि भावोजी मागे असे घरात शिरतात? इकडे सगळे ठीक. माझी रक्तातली साखर तेवढी वाढली आहे. डॉक्टर म्हणाले, पथ्य पाळूनही का वाढते कळत नाही. मी म्हणालो, मलाही कळत नाही. तुझी भावजय बरी आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते पाच ती वाचनालयात पुस्तक बदलायला जाते. आत्ताही गेली आहे, म्हणून घर शांत आहे आणि म्हणून हे पत्र.

पत्राला तसं काही कारण नाही. सात वर्षांत तुझी सहा कार्डं आली. प्रत्येकावर तीनच शब्द, ‘सारण घातलं. बरंय.’ मीही तीन शब्दांत उत्तर दिलं, ‘आम्हीही घातलं. बरंय.’ सख्ख्या भावंडांनी इतकं मोजून लिहू नये असं मला वाटायला लागलं. (मोजण्यावरून आठवलं, त्या अकरा ग्रॅमांबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. ते झालं गेलं.)

गेल्या आठवड्यात मी सूनबाईला आईबद्दल सांगत होतो. सूनबाई घरात येऊन चार महिने झाले. तिने आईला पाहिलेलं नाही, त्यामुळे तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि सांगताना लक्षात येतं की आपल्यालाही पहिल्यापासून कुणी सांगितलं नव्हतं. कारखान्याच्या कँटीनमध्ये आई भांडी घासायला लागली आणि अकरा वर्षांनी तिथली मुख्य स्वयंपाकीण झाली, एवढं मला माहीत होतं. मधली अकरा वर्षं ती त्या म्हाताऱ्या खानसाम्याच्या हाताकडे बघत होती, हे तू सांगितल्याचं आठवतं. त्याला दोनच गोष्टी मनापासून यायच्या, करी आणि मिन्स पाय. बाकी तो नुसतं शिजवायचा.

मिन्स पाय म्हणजे काय, हे सूनबाईला समजावताना माझी दमछाक झाली. मैद्याची लोणीदार पारी, वाटीच्या साच्यात बसवलेली, वर तिचंच झाकण, आणि आत बेदाणे, मनुका, किसलेलं सफरचंद, संत्र्याची साल आणि काळी साखर यांचं सारण. तिने विचारलं, मग यात मिन्स म्हणजे खिमा कुठे आहे? मी म्हणालो, पूर्वी होता म्हणतात, आता नाही. ती म्हणाली, मग नाव का तेच? मी म्हणालो, या घरात नावावर जायचं नाही. हे मी सहज बोललो. पुढे काय वाढून ठेवलं होतं ते मला माहीत नव्हतं.

ताई, तुला ते वाटप आठवतं का? दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ आणि दोन-चार मिरे. आई ते एकदाच कुटायची आणि ताटात घालून बोटाने मधोमध रेघ ओढायची. डावीकडचं करीला, उजवीकडचं सारणाला. घरातला वास सकाळभर एकच असायचा आणि जेवायला बसल्यावर त्याचे दोन व्हायचे. करी आज करायची ती उद्या खायला. त्याच दिवशी जो खाईल तो अडाणी, असं तिचं मत होतं. सारण आज घालायचं ते तीस दिवसांनी भरायला. वडील म्हणायचे, हिच्या घरात भूक लागायच्या आधी अर्ज करावा लागतो. पण तिच्या वाढदिवसाच्या दिवशी दोन्ही एकदम पानात यायचं. आधी आदल्या दिवशीची करी, मग महिन्यापूर्वीच्या सारणाचे पाय. वडील दुसरा पाय संपवून चष्मा काढून पुसायचे. घाण झालेला नसायचा. मी आयुष्यात पुष्कळ चांगलं जेवलो आहे, पण जेवून झाल्यावर काय करावं हे न कळणं मला फक्त त्या एका दिवशी माहीत आहे.

आणि ते विरजण. खानसाम्याने कँटीन सोडताना आईला पगारवाढीची शिफारस दिली नाही, वाटीभर जुनं सारण दिलं. नव्या सारणात जुनं मिसळायचं आणि मिसळल्यावर त्यातलं वाटीभर पुढच्या वर्षाला काढून ठेवायचं. दह्यासारखं. म्हणजे आपण लहानपणी खाल्लेल्या प्रत्येक पायात त्या म्हाताऱ्याच्या वेळचा एखादा बेदाणा असणार. (निदान बेदाण्याची आठवण. मी वजनकाटे तपासणारा माणूस, प्रमाण कळतं मला. पण इथे हिशेब करवत नाही.)

आता लेबलांचं. तुझ्यामुळे सुरू झालं हे तू नाकारतेस, पण स्टुलावर चढायचीस तू, मी फक्त स्टूल धरायचो. बरणीतलं सारण खाली खाली जाताना बघून आई चिडली नाही. तिने साखरेच्या डब्यावर ‘मीठ’ लिहिलं, मिठाच्या डब्यावर ‘साखर’, बिस्किटांच्या डब्यावर ‘खिळे’ आणि सारणाच्या बरणीवर ‘वाटण’. आपल्याला उलगडायला दोन दिवस लागले. तोवर घराला सवय झाली आणि मग ती लेबलं कुणी काढलीच नाहीत. चहात मीठ घाल म्हटलं की आपण साखर घालायचो. खिळे आणा म्हटलं की पाहुणे दचकायचे. तुझी भावजय लग्न होऊन आली तेव्हा महिनाभर रडत होती आणि महिन्याने आपल्यासारखीच झाली. एकदा माणूस या स्वयंपाकघरात मुरला की त्याला बाहेरची खरी लेबलं खोटी वाटायला लागतात.

सूनबाई औषधांच्या दुकानात कामाला आहे. लेबल वाचणं हा तिचा धर्म. डॉक्टरांचं अक्षर तिला लागतं, जे खुद्द डॉक्टरांनाही लागत नाही. चिरंजिवांनी तिला या घराबद्दल सगळं सांगितलं होतं, माझ्या घोरण्यासकट. फक्त डब्यांचं सांगायचं राहिलं. (त्याचं म्हणणं, त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. माशाला पाणी दिसत नाही तसं.) पहिल्या सकाळी तिने आम्हा सगळ्यांना चहा दिला. ‘साखर’ लिहिलेल्या डब्यातली साखर घालून. आम्ही तो प्यालो. तुझी भावजय म्हणाली, छान झालाय. मी दुसरा कप मागितला. मुलीला वाटलं, हे लोक असाच पितात, आणि दुसऱ्या दिवशीही तिने तसाच केला. चौथ्या दिवशी तिने स्वतः एक घोट घेतला.

रविवारी तिने ओटा पुसला, दुकानातून पांढऱ्या चिकटपट्ट्या आणल्या आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक डब्यावर आत जे आहे तेच लिहिलं. खाली भरल्याची तारीख. विषारी वस्तूंवर लाल रेघ. असं सुंदर काम मी खात्यातही पाहिलं नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून आमचं घर पार उलथलं. तुझ्या भावजयीने ‘मीठ’ वाचून सवयीने चहात घातलं. ते मीठच निघालं. मी खिळ्यांच्या डब्यातून बिस्कीट काढायला गेलो आणि बोटाला टोचलं. पन्नास वर्षं खोट्यावर बिनचूक चाललेलं घर खऱ्यावर आठवडाभर लंगडत होतं. सूनबाई मात्र शांत. म्हणाली, गोळ्या बदलल्या की पहिले आठ दिवस असं होतंच.

फक्त एक बरणी राहिली. वरच्या फळीवर, मागे, कापडाने झाकलेली. ‘वाटण’. ती कशी राहिली ते पुढे येतं.

परवाच्या रविवारी सूनबाईने करी वाढली. कोंबडीची, आदल्या दिवशी करून ठेवलेली. (हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणाली, औषधालाही मुरायला वेळ लागतो. मी त्याच क्षणी तिला या घराची मानलं.) जेवायला शेजारचे मास्तर होते. तू गेल्यावर राहायला आले, पेटी शिकवतात, जेवताना बोलत नाहीत आणि बोलले तर जेवणाबद्दलच. पहिला घास घेतल्यावर त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्यालाही उघडले नाहीत. सगळं असं छान चाललेलं असताना तुझी भावजय मला म्हणाली, उद्या सारण घालायचं, सासूबाईंच्या वाढदिवसाला एकतीस दिवस उरलेत. जेवण झालं की तेवढी वरची बरणी काढून ठेवा.

माझा हात पानातच राहिला. का राहिला ते आत्ता नको.

तिला त्या बरणीबद्दल किती वाटतं ते तुला माहीत आहे. आईने शेवटच्या वर्षी किल्ल्या तिच्याकडे दिल्या नाहीत, दागिने दाखवले नाहीत, पण ती बरणी हातात दिली आणि म्हणाली, हे तुझ्याकडून तुटू देऊ नकोस. तुझी भावजय आईच्या बाबतीत फार बोलत नाही. दर वर्षी सारण घालते, वाटी बाजूला काढते आणि मग घटकाभर ओट्याला टेकून उभी राहते. तर मी काहीतरी बोलणार, एवढ्यात सूनबाईने चमचा खाली ठेवला.

“आई, ती बरणी मी रिकामी केली,” ती म्हणाली. “वर ‘वाटण’ लिहिलं होतं. मी करीत घातलं.”

चिरंजीव पाण्याच्या भांड्यात बघत बसला. तुझ्या भावजयीने हात पुसला, मग पुसलेलाच हात परत पुसला. मला वाटलं, आता या पोरीला हे घर आयुष्यभर परकं होणार. आणि तेवढ्यात मास्तर, डोळे मिटलेले तसेच, म्हणाले, “तरीच.”

तरीच काय, असं चिरंजिवाने विचारलं. मास्तर म्हणाले, खाली कुठेतरी खर्ज लागलेला आहे. आधीपासून वाटत होतं, ओळखता येत नव्हतं. बेदाणा. जुना बेदाणा. मग चिरंजीवही रस्सा ओढून म्हणाला, हो, आणि मागून संत्र्याची साल येते. तुझी भावजय बराच वेळ हातातला घास बघत होती. शेवटी तिने तो खाल्ला, अगदी सावकाश चावला आणि म्हणाली, सासूबाईंच्या हातचं आहे. एवढंच. मग तिने सूनबाईच्या पानात आणखी करी वाढली आणि स्वतःही घेतली. बरणी गेली ती गेली, पण पोटात गेली, नाल्यात नाही, असं म्हणाली. जेवून झाल्यावर मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

मी ती करी तीनदा घेतली. ताई, तुला खरं सांगतो, आईनंतर मला जेवून उठताना काय करावं कळलं नाही ते परवाच.

तर इकडची हकिगत ही अशी. दुसरं विशेष काही नाही. पाच वाजत आले, तुझी भावजय येईल. भावोजींना नमस्कार, खोकला असेल तर त्यालाही. पायऱ्या जपून चढ. उत्तराची घाई नाही.

तुझा,
स्टूल धरणारा

ता. क. उत्तराची घाई नाही असं वर लिहिलं आहे, ते खरं नाही. तीस दिवसांचं गणित कालच हुकलं; तीन आठवडे तरी मुरायचं तर सारण घालायला फार तर आठ दिवस उरलेत. विरजण या घरात संपलं. आता ते जगात एकाच ठिकाणी आहे, तुझ्या फळीवर, त्या जोडीतल्या दुसऱ्या बरणीत. एक वाटी पाठवशील का? लहान वाटी चालेल. तुझ्या भावजयीला मी म्हणालो, तू लिही, बायकांचं बायकांत सोपं जातं. ती म्हणाली, वजन तुम्ही केलं होतं, पत्र तुम्ही लिहा.

ता. क. दुसरा. त्या अकरा ग्रॅमांबद्दल. घर वेगळं करताना आईचं सारण दोन बरण्यांत वाटलं आणि मी त्या घरच्या काट्याच्या दोन पारड्यांत ठेवल्या. तुझी डावीकडे होती. तुझं पारडं खाली गेलं आणि मी, चौतीस वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासलेला माणूस, नुसता आकडा बोललो. ‘ताई, अकरा ग्रॅम.’ तू चहा न घेता गेलीस. परवा रिकामी बरणी हातात होती म्हणून मी तो काटा खाली काढला. बरणी ठेवायच्या आधीच डावं पारडं खाली गेलं. उजवीकडे वजनं टाकली. पाच, पाच आणि एक ग्रॅम, तेव्हा जुळलं. पारडं उलटं करून बघितलं तर खाली कथलाचा डाग दिलेला होता. फुटलं होतं म्हणून मीच दिला होता, वडिलांच्या वेळी, आणि नंतर काटा जुळवला नाही. नव्या माणसाला आम्ही पहिला धडा हाच द्यायचो, आधी काटा रिकामा बघ. मी सात वर्षं बघितला नाही. दोन्ही बरण्या सारख्याच होत्या, ताई. तू आईचं काही जास्त नेलं नव्हतंस. नेलं असतंस तरी ते मोजायचं नव्हतं.

ता. क. तिसरा. हे पान वाचून झालं की फाड. करीत सारण नव्हतं. एक बेदाणाही नव्हता. ती बरणी सूनबाई या घरात यायच्या आधीपासूनच संपत आली होती, आणि संपवत कोण होतं ते तुला सांगायला नको, फक्त या वेळी स्टूल मला स्वतःलाच धरावं लागलं. मंगळवारी आणि शुक्रवारी, चार ते पाच. दर खेपेला एक चमचा. डॉक्टरांनी साखर बंद केली तेव्हा सुरू झालं. दर खेपेला वाटायचं, विरजणापुरतं उरलंय. सूनबाई लेबल लावायला बरणी काढायला गेली तेव्हा ती रिकामी होती आणि तिच्यामागे माझा चमचा होता. तिने बरणी पुन्हा झाकून जागेवर ठेवली आणि लेबल तसंच राहू दिलं. का, ते मला रविवारी जेवताना कळलं. मला कळलं हे तिलाही कळलं. सोमवारी माझ्या हत्यारांच्या पेटीत एक पुडी सापडली. आत तो चमचा, घासलेला. पुडीवर तिच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘दिवसातून एकदा, सगळ्यांसमोर, जेवणानंतर.’ मला अजून तिच्याशी त्याबद्दल बोलता आलेलं नाही. पण मास्तरांना जो जुना बेदाणा लागला आणि तुझ्या भावजयीला जो आईचा हात लागला, तो कुठून आला याचा मी दोन दिवस विचार करतोय. ती पोर आईला कधी भेटलेली नाही.

आत्याबाईंना सूनबाईचा नमस्कार.

पाकिटात घालायला हे पत्र बाबांनी माझ्याकडे दिलं. उघडं होतं, म्हणून वाचलं. (उघडं का दिलं, ते त्यांनाच माहीत.) आईंना करीत सारण नव्हतं हे तिसऱ्या घासाला कळलं होतं. त्यांनीच मला रविवारी भांडी लावताना सांगितलं आणि बाबांना सांगू नकोस म्हणाल्या. त्या वाचनालयात जातात तेव्हा पुस्तक पंधरा मिनिटांत बदलून होतं. उरलेला वेळ त्या बाकावर बसून राहतात.

वाटी टपालाने पाठवू नका, सांडेल. तुम्हीच घेऊन या. बरणीवर ‘सारण’ असंच लिहा. खरं लिहिलेलं या घरात बाबा अजून उघडत नाहीत.

काटा मी माळ्यावर टाकला आहे.